कापडाला पाणी दाखव

कौसाबाईंचं नाव आधी लिहून ठेवते. मला वाचवलं ते त्यांनी. कशातून, ते पुढं येईलच, पण सांगण्याच्या नादात त्यांचं नाव मागं पडायला नको. माझा स्वभावच भित्रा. घराची कडी लावली का हे बघायला मी वाटेतून तीनदा परत येते.

तर कौसाबाई. मंठ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतात, गोधड्या शिवतात आणि नव्या कापडावर त्यांचा काडीचाही भरवसा नाही. कोणी नवं कापड घेऊन आलं तर माणूस आत जाऊ शकतो, कापड ओट्यावरच थांबतं. ओट्यावर पाण्याची एक वाटी असते. कौसाबाई तिच्यात उजवा अंगठा बुडवतात, कापडाच्या कडेवर तीनदा घासतात आणि मग तो अंगठा उजेडात धरून बघतात. अंगठ्यावर रंग दिसला की त्यांचा चेहरा असा होतो, जसं काही चोर सापडला.

"नवं कापड आन् नवा जावई," त्या म्हणतात, "पहिल्या पाण्यातच कळतंय."

हे गोधडीच्या कापडापुरतं असतं तर ठीक होतं. पण तो अंगठा त्या सगळीकडे घेऊन फिरतात. गल्लीतल्या एका लग्नात नवरीला आशीर्वाद द्यायला गेल्या. एक हात नवरीच्या डोक्यावर, दुसऱ्या हाताचा अंगठा शालूच्या काठावर. अंगठा बघितला आणि नवरीच्या आईला भर मांडवात म्हणाल्या, "रंग टिकणार न्हाई, माय. आत्ताच सांगून राह्यले." नवरदेवाकडच्या बायकांना वाटलं, नवरीच्या तोंडावरच्या पावडरीबद्दल चाललंय. दोघी-तिघी ताटावरून उठल्या. राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेल्या, तर देवळाबाहेरच्या दुकानात पेढ्यांच्या परातीत अंथरलेलं लाल कापड त्यांच्या नजरेस पडलं. त्यांनी एक पेढा उचलून उलटा केला. खालून गुलाबी. "गुलाबी पेढे म्हनून पाटी लाव की," त्या दुकानदाराला म्हणाल्या. तेव्हापासून कौसाबाई मंठ्यातून निघाल्या की तो परातीवर फडकं टाकतो म्हणे.

माझी त्यांची ओळख झाली तीही अंगठ्यानंच. मी लांबून आलेली, समुद्राकाठच्या गावातली. सातवीत शाळा सुटली आणि मासळी निवडायला बसले. आमचे हे बंदरावर क्रेन चालवायला आले होते, तिथं लग्न ठरलं, आणि मग हे परत आपल्या मुलखात आले ट्रकवर. घरात माणसं दोन. त्यातलं एक आठ-आठ दिवस बाहेर, आणि दुसरी मी. बाजारात बोलायला तोंड उघडलं की लोक माझ्या "नाय" आणि "हाय"ला हसायचे, म्हणून मी बोटानं दाखवून भाजी घ्यायची. जिथं न घाबरता बसावं असं मंठ्यात एकही दार नव्हतं.

एकदा कौसाबाईंच्या ओट्यापुढं उभी राहून मी वाळत घातलेल्या गोधड्या बघत होते. त्या बाहेर आल्या, काही न विचारता माझ्या पदराला ओला अंगठा घासला आणि म्हणाल्या, "धुतलेली हाये. बस."

मी बसले. ते आजपर्यंत बसतेच आहे.

"कुठली गं तू?"

मी सांगितलं.

"तिथं काय हाये?"

"समुद्र."

"किती पाणी?"

"नजर पोचेल तिथपर्यंत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग ओट्याच्या कोपऱ्यातल्या आपल्या निळ्या ड्रमकडं बघितलं. त्याच्या झाकणावर वीट होती, विटेवर आणखी एक वीट. "आन् कापडं कशात धुता?"

"विहिरीच्या पाण्यात. समुद्राचं खारट असतं."

"मंग त्या एवढ्या पाण्याचा उपयोग काय?" त्यांनी विटेवर हात ठेवला. "मला तर हे धा बोटं खोटं वाटून राह्यलंय."

त्यांचं खोटं बोटांनी मोजलं जातं, हे सांगायला पाहिजे. नव्या कापडाला गिरणीत खळ लावलेली असते, त्यानं ते ताठ आणि लांबरुंद दिसतं. पाण्यात घातलं की खळ निघते आणि कापड आटतं. कौसाबाई भिजवायच्या आधी कापड दाराच्या चौकटीला लावून खूण करतात, वाळल्यावर पुन्हा लावतात, आणि दोन खुणांच्या मधे बोटं आडवी धरून मोजतात. "हे बघ, चार बोटं खोटं बोललं." त्यांची चौकट अशा खुणांनी भरलेली आहे. मग हे माप माणसांनाही लागतं. नळ सोडणारा माणूस दोन बोटं खोटा. गल्लीतला दुधवाला, "त्याची तर वीत गेली." माझ्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या. मी मनात धरून होते, निदान दोन बोटांच्या आत राहावं.

जुन्या लुगड्यांना मात्र ही परीक्षा नाही. "जुनं लुगडं खरं बोलून बोलून थकलेलं असतंय. त्याला काय विचारायचं?" गोधडीच्या आतले थर अशा जुन्या लुगड्यांचे, आणि कडेची गोट, म्हणजे चारी बाजूंची पट्टी, नव्या कापडाची. ती न धुता लावली तर पहिल्याच धुण्याला नवं आटतं, जुनं जागेवर राहतं आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. "एक आटलं, एक न्हाई आटलं, की झालं भांडन. आन् भांडनाखाली झोप लागत न्हाई."

मी त्यांच्याकडं शिकायला लागले. साडीचा फॉल उसवायचा, ब्लाउजचे हूक काढायचे, टोचणारा जरीचा काठ बाजूला करायचा. कापड कात्रीनं कापायचं नाही, कडेला बारीक चीर देऊन हातानं फाडायचं, कारण फाडलं की ते आपल्याच सुतानं सरळ जातं. "कात्रीला आपलं डोकं असतंय, सुताला त्याचं. सुताचं ऐकावं." धुतलेलं कापड ओलसर असताना घडी घालून वर पाटा ठेवायचा. त्यांच्याकडे इस्त्री नाही. पाटा रात्रभर इस्त्री करतो आणि सकाळी चटणी वाटतो.

आणि पाणी. आमच्या गल्लीत नळ कधी येईल ते तो दोन बोटं खोटा माणूसच जाणे. ड्रमातलं पाणी तोपर्यंत पुरवायचं. कापडाची खळ काढलेलं पाणी पाय धुवायला, पाय धुतलेलं ओट्यावर शिंपडायला, रंग सुटलेलं पाणी लिंबाच्या झाडाला. त्या झाडानं लाल, पिवळं, हिरवं असं सगळं पाणी पिलंय, आणि शेजारच्या शांताबाई म्हणतात, ह्या लिंबांचं सरबत केलं तर कपड्याच्या दुकानाचा वास येतो. कौसाबाई हे ऐकतात आणि शांताबाईंना लिंबू देत नाहीत. शांताबाईंच्या घरी हौद आहे, तो नेहमी भरलेला. पण पाणी कितीही संपू दे, कौसाबाईंनी तिथं घागर नेली नाही. "मागून आनलेल्या पाण्याला चव न्हाई."

मी पहिल्या दिवशी अर्धा तांब्या पिऊन ठेवला होता. त्यांनी उरलेलं भिजवणाच्या बादलीत ओतलं. "हे कापडाच्या नशिबातलं." तेव्हापासून मी त्यांच्या घरी तहान लागली तरी सांगत नसे. आता जे झालं, त्याचं मूळ इथं आहे.

चैत्रात साळवे मॅडम आल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांनी पिशवीतून आईच्या तीन पांढऱ्या सुती साड्या काढल्या. दर पौर्णिमेला आणि जयंतीला आई ह्याच नेसून विहारात जायची, म्हणाल्या. मॅडमची लेक पुण्यात बाळंत झाली होती. पणजीच्या साड्यांची गोधडी बाळाला नाव ठेवायच्या दिवशी घालायची होती. "वर पांढरं दिसू द्या, आणि गोट ह्या निळ्याची." निळं कापड त्यांनी स्वतः हिंडून, छटा बघून आणलेलं. "आणखी साड्या नाहीत हं, कौसामावशी. ह्या तीनच."

त्या गेल्यावर कौसाबाईंनी पांढऱ्या साडीवरून हात फिरवला, अंगठा नाही, सगळा हात. मग मला म्हणाल्या, "ए समिंदर," हे माझं नाव पडलं होतं, "माही कमर धरून राह्यली. ही गोधडी तू शिव. आधी त्या निळ्याला पाणी दाखव."

मी दाखवलं.

आता मी काय केलं ते लिहायला हात अडखळतो. मी बादलीत दोन तांबे पाणी घेतलं, निळं कापड त्यात एकदा बुडवलं आणि काढलं. दाखवलं. घरात पाण्याची इतकी काटकसर, "भिजव" म्हणाल्या नाहीत, "धू" म्हणाल्या नाहीत, "दाखव" म्हणाल्या. मला वाटलं, असेल इकडची रीत, देवाला नैवेद्य दाखवतात तशी. विचारायची भीती वाटली. इतके दिवस शिकून एवढंही कळत नाही म्हणतील.

पंधरा दिवस मी ती गोधडी शिवली. एवढी बारीक धाव, म्हणजे धावदोऱ्याची शिवण, मी आयुष्यात घातली नव्हती. मॅडम सकाळी येणार, म्हणून आदल्या दुपारी मी गोधडी त्यांच्यापुढं पसरली. कौसाबाई बघत राहिल्या. "बराबर," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे निघणं म्हणजे शाळेत पहिला नंबर.

मग त्यांनी त्यांची शेवटची रीत केली. गोधडी देण्याआधी त्या ओला हात एका कोपऱ्यावर दाबतात. हात गोटेवर अर्धा, पांढऱ्यावर अर्धा. दाबला. उचलला.

पांढऱ्या साडीवर निळी चार बोटं उमटली होती.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानात समुद्रासारखा आवाज व्हायला लागला. ह्या तीनच, मॅडम म्हणाल्या होत्या. आता हे दारही गेलं, मी मनात म्हटलं. आता पुन्हा बोटानं दाखवून भाजी घ्यायची.

"पाणी दाखवलंस का?" कौसाबाई शांतपणे म्हणाल्या.

"दाखवलं."

"किती येळ?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. कापड वाईट निघालं म्हणता आलं असतं. पण समोर ती चौकट होती. "बुडवलं आणि काढलं, मावशी. तुम्ही दाखव म्हणालात. मी... दाखवलं."

मग त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आगं माय! गाईला पाणी दाखवतेत म्हंजी काय, बादली दाखवून घरी आनतेत व्हय? पोटभर पाजतेत!"

"आमच्याकडं गाई नव्हत्या, मावशी. होड्या होत्या."

"मंग?"

"होडीला पाणी दाखवावं लागत नाय."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ओठ हलायला लागले, मग खांदे, आणि मग कमर धरून त्या इतक्या हसल्या की शांताबाई भिंतीवरून डोकावल्या. मी मात्र रडत होते. हसता हसता त्यांनी माझ्या तोंडावरून पदर फिरवला आणि एकदम उठल्या.

"रडायचं मागून. डाग वाळायच्या आत काम हाये. चल, गोट उसव जल्दी. उन्हात नेऊ नको बिलकुल, ऊन डाग बसवतंय."

मी उसवायला बसले. गोटेची सगळी धाव घटकेत निघाली. कौसाबाईंनी परातीवर तो कोपरा उलटा धरला, म्हणजे डाग खाली, आणि ड्रमाकडं गेल्या. एक वीट काढली. दुसरी वीट काढली. झाकण काढून भिंतीला टेकवलं. ड्रम असा सताड उघडा मी कधी बघितला नव्हता.

"वत," त्या म्हणाल्या.

मी तांब्या भरला आणि चमचा-चमचा ओतायला लागले.

"वत म्हणले ना! पाठीकडून वत, म्हंजी रंग आल्या वाटंनं जाईल."

मी ओतलं. परातीत निळं पाणी आलं. ते फेकलं, पुन्हा ओतलं. पांढऱ्याला साबणाचा हलका हात दिला, पुन्हा ओतलं. दुसरीकडं निळी गोट, उरलेल्या निळ्या तुकड्यासकट, बादलीत बुडवून ठेवली, आणि तिचं पाणी गडद झालं की बदलायचं. चार वेळा, पाच वेळा, नंतर मी मोजायचं सोडलं. पाणी पाय धुवायला गेलं नाही, ओट्यावर गेलं नाही. लिंबाच्या झाडाखाली तळं झालं. मी मधेच म्हटलं, "मावशी, पुरे. ड्रम..." त्या म्हणाल्या, "ड्रम माहा हाये का तुहा? वत."

शेवटचं पाणी काढायला मला ड्रम तिरका करावा लागला. आणि त्या पाण्यात रंग नव्हता. मी कोपरा उजेडात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला. पांढरा. बादलीतलं पाणीही स्वच्छ. कौसाबाईंनी गोटेला ओला अंगठा घासला, बघितला आणि मला दाखवला. अंगठा नुसता अंगठ्यासारखा होता. मी खाली बसले.

"चूक माही बी हाये," त्या म्हणाल्या. "दाखव म्हणले मी. पाज म्हनायला पायजे व्हतं." सत्तरी ओलांडलेली बाई, जन्मभर "पाणी दाखव" म्हणत आलेली. त्या दिवसापासून त्या माझ्यासमोर "पाणी पाज" म्हणतात. चुकून "दाखव" निघालं तर जीभ चावतात.

चैत्राच्या हवेत सावलीतही कापड लगेच वाळलं. दिवस बुडायच्या आत आम्ही दोघींनी दोन बाजूंनी गोट लावून टाकली; आटून कमी पडली तिथं उरलेला तुकडा जोडला. माझी धाव बारीक, त्यांची थोडी वाकडी. निघताना मी हळूच विचारलं, "मावशी, मी किती बोटं?"

त्यांनी माझ्या डोळ्यांपुढं हात धरला. मूठ बंद होती.

सकाळी मॅडम आल्या. कौसाबाईंनी मला पुढं ढकललं. "सांग त्यांना." मी सगळं सांगितलं, पाणी दाखवण्यापासून. मॅडमनी गोधडी उलगडली, कोपरा शोधला, चष्मा वर करून बघितला. डाग सापडेना. मग साडीला गाल लावून त्या हसायला लागल्या आणि डोळेही पुसायला लागल्या.

"अहो, आई ह्या साड्यांना नीळ इतकी टाकायची, की आम्ही तिला चिडवायचो, आभाळ नेसून चाललीस का म्हणून. थोडं निळं राहिलं असतं तर मला आईच दिसली असती."

कौसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आँ? मंग ड्रमभर पाणी काहून वतलं म्या?"

मॅडम गोधडी छातीशी धरून गेल्या. मी चहा ठेवावा म्हणून आत गेले, तर घरात चहापुरतंही पाणी नव्हतं. माठ पालथा. मी बाहेर आले तो कौसाबाई ओट्यावर नव्हत्या. घागरही नव्हती. मी धावले. भिंतीपलीकडं आवाज आला म्हणून थांबले. कौसाबाई शांताबाईंच्या हौदापाशी उभ्या होत्या, घागर हातात, मान थोडी दुसरीकडं वळवून.

"काय माय, आज सूर्य कुठून उगवला?" शांताबाई म्हणाल्या. "पाव्हणे आल्ते का काय? ड्रम रिकामा?"

"पाव्हणे न्हाई." कौसाबाईंनी घागर दुसऱ्या हातात घेतली. "लेक आल्ती माही. समिंदराकडली हाये. तिला पाणी लई लागतंय."

अख्ख्या गल्लीला माहीत आहे, कौसाबाईंना मूलबाळ नाही. शांताबाईंनाही माहीत होतं. त्यांनी घागर घेतली, गळ्यापर्यंत भरली आणि सांडेस्तोवर आणखी एक तांब्या ओतला. मी मुकाट्यानं परत येऊन ओट्यावर बसले, जसं काही ऐकलंच नाही. कौसाबाई आल्या, चहा ठेवला आणि आतून एक लिंबू आणून माझ्या हातात दिलं. "शांताबाईला नेऊन दे. म्हनावं, वास येत न्हाई."

तेवढं मोजायचं झालं तर बाईंच्याच खात्यावर एक बोट खोटं लागेल. लेक म्हणाल्या ते. पण ते खोटं मी आटू देणार नाही.

अजूनही मधेच शिवता शिवता त्या विचारतात, "समिंदर, खरं सांग, नजर पोचंल तिथवर?" मी हो म्हणते. त्या दहा बोटं वर करतात आणि पुन्हा सुई धरतात. मंठ्याच्या पुढं पाण्यासाठी म्हणून त्या कुठं गेलेल्या नाहीत. मी ठरवलंय. ह्यांचा ट्रक एकदा तिकडं जाणारा असला, आणि कौसाबाईंची कमर बरी असली, की त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं, पाठीला गोधडी लावायची आणि माझ्या गावच्या किनाऱ्यावर नेऊन उभं करायचं. काय मोजायचं ते त्यांनी तिथं स्वतःच्या बोटांनी मोजावं. त्या दिवशी मी त्यांना पाणी दाखवीन. पाजणार नाही, खारट असतं. नुसतं दाखवीन, हवा तेवढा वेळ.